वाऱ्यावरची घरगुती वीज : थोडा इतिहास, थोडा हिशेब



मुळशी तालुक्यातल्या नांदे गावाहून आमच्या कार्यक्रमाकडे एक प्रश्न आला आहे. मोटारीचा जुना अल्टरनेटर आणि लाकडी पाती घेऊन शेतावर छोटी पवनचक्की घरच्या घरी करता येईल का, आणि तिच्यावर घातलेला पैसा निघेल का? प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण हा उद्योग आपल्याआधी पुष्कळांनी करून पाहिला आहे आणि त्यातले बरेचसे शेतकरीच होते. त्यांचे काय साधले, काय फसले, हे कळले तर आपला पैसा वाचेल.

मुद्द्याचे आधी सांगून टाकतो. छोटी पवनचक्की घरी करता येते. पण मोटारीचा अल्टरनेटर तिला जुळत नाही आणि प्रत्येक शेतावर ती चालत नाही. का, ते पुढे बघा.

आपल्या तालुक्याला वीज तशी नवी नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटांनी धरण बांधायला घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. लढा तीन वर्षे चालला, पण धरण झालेच. मुळशीचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला नेले आणि १९२७ साली तिथले वीजघर सुरू झाले. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना गेली. ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली त्यांच्या उरलेल्या वाड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत होती. वीज दाराशी तयार होते म्हणून घरात येतेच असे नाही, हे मुळशीकरांना कोणी शिकवायला नको. 'आपली आपण करावी' हा विचार नांद्याच्या शेतकऱ्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही.

हाच विचार मुळशी सत्याग्रहाच्या चौतीस वर्षे आधी स्कॉटलंडमधल्या एका मास्तराच्या डोक्यात आला होता. जेम्स ब्लाइथ हा ग्लासगोच्या कॉलेजात शिकवी. जुलै १८८७ मध्ये त्याने मेरीकर्क या आपल्या गावच्या घरामागे कापडी शिडांची पवनचक्की उभारली, तिला डायनामो जोडला, विजेवर बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. वाऱ्याच्या विजेवर उजळलेले जगातले पहिले घर ते हेच. उरलेली वीज तो गावाच्या रस्त्यावरच्या दिव्यांना द्यायला तयार होता. गावकरी म्हणाले, ही सैतानी विद्या आम्हाला नको! पुढे त्याने तसेच एक यंत्र मॉन्ट्रोज गावच्या वेड्यांच्या इस्पितळाला उभारून दिले. शहाण्यांनी नाकारले ते तिकडे कामी आले म्हणायचे.

त्याच सुमारास, १८८७-८८ च्या हिवाळ्यात, अमेरिकेत चार्ल्स ब्रश या श्रीमंत संशोधकाने आपल्या परसात भले मोठे यंत्र उभारले. चाकाचा व्यास १७ मीटर, लाकडी पाती १४४, आणि तळघरात ४०८ बॅटऱ्या. एवढा पसारा करून वीज निघाली १२ किलोवॅट. यंत्र वीस वर्षे चालले, पण ते परवडणारा एकटा ब्रशच.

पाती थोडी, चाल वेगाची

खरी वाट काढली ती डेन्मार्कच्या पोल ला कूर याने. आस्कोव गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक लोकविद्यालय होते, तिथला हा शिक्षक. १८९१ साली सरकारी मदत घेऊन त्याने शाळेजवळ प्रयोगाची पवनचक्की बांधली. पेटीत वारा सोडून निरनिराळ्या आकारांची पाती त्यात फिरवून पाहिली आणि एक गोष्ट पक्की ठरवली : पाणी उपसायला पुष्कळ पात्यांचे, सावकाश पण जोरात फिरणारे चाक बरे, वीज करायची तर पाती थोडी हवीत आणि ती वेगाने फिरली पाहिजेत.

शेतावरचा पाणी उपसणारा 'पंखा' आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. १९६० च्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बारा पात्यांची तशी पवनचक्की तयार केली होती. ती विहिरीसाठी चांगली. तिलाच अल्टरनेटर लावून वीज मागणे म्हणजे नांगराच्या बैलाला शर्यतीत पळवणे.

ला कूरने केलेले आणखी एक काम मला यंत्राहूनही मोलाचे वाटते. खेड्यातली तरुण मुले घेऊन त्याने वीजतंत्री तयार केले. गावात यंत्र बसले की ते दुरुस्त करणारा माणूसही गावातच असे. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कात गावोगावच्या शंभराहून अधिक वीजसंस्थांकडे पवनयंत्रे होती. महायुद्धात तेल मिळेना, तेव्हा त्यांनीच निभावून नेले.

रेडिओची बॅटरी

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या, म्हणजे रेडिओवाल्यांच्या, जिव्हाळ्याची आहे. १९२० नंतर अमेरिकेत रेडिओ आला. बाजारभाव आणि हवामान घरबसल्या कळू लागले, म्हणून शेतकऱ्यांनी तो उत्साहाने घेतला. पण १९३५ सालीसुद्धा तिथल्या दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. रेडिओ चाले बॅटरीवर. बॅटरी उतरली की ती गाडीत घालून शहरात न्यायची, भरून आणायची, आणि तोवर घर मुके. आयोवा राज्यातल्या अल्बर्स नावाच्या भावांनी यावर तोड काढली. घराजवळ लाकडी पात्यांचा एक लहान पंखा बसवायचा, त्याला डायनामो, आणि त्यावर सहा व्होल्टची बॅटरी भरायची. याचे नाव विंचार्जर. १९३५ साली झेनिथ या रेडिओ कंपनीने तो कारखाना हाती घेतला आणि रेडिओबरोबर हा पंखा स्वस्तात देऊ केला. लहान घरगुती पवनचक्की शेताशेतावर गेली ती अशी, रेडिओच्या पाठीवर बसून.

आपल्याकडेही चित्र वेगळे नव्हते. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या त्या वेळच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकरी मंडळांचा रेडिओ-प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागायचा, गावकरी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायचे आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. गावात वीज नसेल तिथे हा सारा खेळ बॅटरीवर. ती उतरली की चर्चा संपली.

अमेरिकेतच मोंटाना राज्यात मार्सेलस आणि जो जेकब्स हे दोघे भाऊ गुरांच्या कुरणावर राहत. वीज दूरवर कुठे नव्हती. त्यांनी आधी पाणी उपसण्याच्या चाकावर वीज करून पाहिली. ते चाक फारच सावकाश फिरे. मग विमानाच्या पंख्यासारखी पाती बसवली. दोन पात्यांचा पंखा वाऱ्याबरोबर तोंड फिरवताना गचके देतो आणि खांब हादरवतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी तीन पाती केली. आजही लहानमोठ्या बहुतेक पवनयंत्रांना तीनच पाती दिसतात. जेकब्सची यंत्रे महाग होती पण टिकली, आणि १९५० च्या दशकात कारखाना बंद होईपर्यंत हजारोंनी खपली.

मग हा धंदा बसला का? १९३६ साली अमेरिकेत ग्रामीण वीज कायदा झाला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज मिळाले आणि गावोगाव तारा पोचल्या. बटण दाबले की हवी तेवढी वीज मिळू लागल्यावर खांबावर चढून वंगण घालायला कोण जाईल? आपल्याकडे १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत वीज जाऊ लागली. तार दाराशी आल्यावर लहान पवनचक्की मागे पडते, हे जगभर झाले आहे. नांद्यालाही हे लागू आहे : महावितरणची वीज घरात असेल तर पवनचक्कीचा विचार फक्त तार न पोचलेल्या शेतापुरता करावा.

सायकलचा डायनामो आणि मोटारीचा अल्टरनेटर

आता यंत्राच्या पोटात डोकावू. सायकलला पूर्वी टायरवर घासून फिरणारा डायनामो असे, तो सर्वांनी पाहिला आहे. नाव डायनामो असले तरी तो खरा अल्टरनेटरच. आत लोहचुंबक फिरतो, भोवती तारेचे वेटोळे स्थिर असते आणि वेटोळ्यात उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. एवढेच तत्त्व. त्या विजेवर बॅटरी भरायची तर मध्ये डायोडचा पूल घालून प्रवाह एका दिशेचा करावा लागतो.

मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये कायमचा चुंबक नसतो. त्याचा चुंबक बॅटरीतल्याच विजेने तयार होतो. शिवाय मिनिटाला हजाराच्या पुढे फेरे झाले तरच तो बॅटरी भरू लागतो. दोन मीटर व्यासाचा पंखा चांगल्या वाऱ्यात मिनिटाला साडेतीनशेच्या आतबाहेर फिरतो. म्हणजे पट्टा किंवा दातेरी चाके घालून वेग वाढवणे आले. त्यात थोडी शक्ती जाते, थोडी चुंबक तयार करण्यात जाते, आणि हलक्या वाऱ्यात यंत्र बॅटरी भरण्याऐवजी उतरवू लागते. भंगारात तो स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो, पण मी तरी तो घेऊ नका असेच सांगेन.

मलावी देशातल्या विल्यम काम्क्वांबा या शेतकऱ्याच्या मुलाने हे बरोबर साधले. २००१-०२ साली तिथे दुष्काळ पडला. फी भरता न आल्याने चौदा वर्षांच्या विल्यमची शाळा सुटली. तो गावच्या वाचनालयात जाऊन विजेची पुस्तके चाळू लागला, इंग्रजी धड येत नसल्याने चित्रांवरून. मग मोडक्या सायकलचा सांगाडा, ट्रॅक्टरचा पंखा, प्लास्टिकच्या पाइपची तापवून सपाट केलेली पाती आणि सायकलचा डायनामो असे जमवून त्याने नीलगिरीच्या वाशांच्या मनोऱ्यावर यंत्र चढवले. घरात दिवे लागले, रेडिओ वाजू लागला. काही वॅटचेच यंत्र, पण चुंबकावर चालणारे, म्हणून हलक्या वाऱ्यालाही वीज देणारे. घराचे छप्पर गवताचे, तेव्हा तारा एकमेकींना चिकटून आग लागू नये म्हणून प्रवाह तोडणारी कळही त्याने स्वतःच केली. आपण निदान फ्यूज तरी विसरू नये.

याहून मोठे यंत्र घरी करण्याची पद्धत बसवली ती स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांनी. स्कोरेग नावाची जागा, तिथे बोटीने जायचे नाहीतर पायवाटेने. मोटाररस्ता नाही, विजेची तारही नाही. १९७० च्या दशकात ते तिथे राहायला गेले आणि शेजाऱ्यांना यंत्रे करून देऊ लागले. आधी ते गाडीच्या ब्रेक ड्रममध्ये चुंबक चिकटवून अल्टरनेटर करीत. १९८० च्या दशकात निओडिमियमचे जबर चुंबक निघाले आणि पुढे ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तेव्हा त्यांनी रचना सोपी केली. लोखंडी पत्र्याच्या दोन गोल तबकड्या, त्यांवर चुंबक ओळीने चिकटवलेले. दोन्हींच्या मध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी राळेत ओतून केलेली एक चकती. तबकड्या फिरतात, चकती जागची हलत नाही. गिअर नाही, पट्टा नाही, घासणारा कार्बन नाही. बेअरिंग गाडीच्या चाकाचेच. पाती लाकूड तासून केलेली. तामिळनाडूतल्या ऑरोव्हिलमध्ये 'मिनवायू' या गटाने याच पद्धतीची यंत्रे हाताने बांधली आहेत.

यातले कोणते काम गावात होणार नाही? वेटोळी मोटार वाइंडिंगवाला करील, तबकड्या लेथवाला, पाती सुतार. मात्र चुंबकांच्या बाबतीत गंमत नको. दोन तबकड्या एकमेकींना इतक्या जोरात ओढतात की मधे सापडलेले बोट चिरडते. त्या हाताने न बसवता लांब बोल्टांवरून सावकाश खाली उतरवतात. लहान मुले तेव्हा जवळ नसावीत.

वादळाची सोयही जुनीच आहे. १८५४ साली डॅनियल हॅलडे या अमेरिकन कारागिराने जोराचा वारा आला की आपोआप आवरते घेणारी पवनचक्की केली. आजच्या घरगुती यंत्रात पंखा खांबाच्या मध्यापासून जरा बाजूला बसवतात आणि शेपूट तिरक्या बिजागरीवर टांगतात. वारा फार झाला की पंखा आपणच तोंड फिरवतो. वळवाची वावटळ पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागणार नाही. ज्याच्या यंत्राला ही सोय नाही त्याची पाती शेजाऱ्याच्या शेतात सापडतील.

नांद्याचा वारा

आता हिशेब. पंख्याचा व्यास दोन मीटर धरा. ताशी ११ किलोमीटरचा वारा असला तर तेवढ्या वाऱ्यात सुमारे ५० वॅट शक्ती असते. ती सगळी कधीच हाती लागत नाही. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने १९२० च्या सुमारास दाखवून दिले की कितीही उत्तम यंत्र असले तरी शंभरातले एकोणसाठ भागच मिळू शकतात. घरगुती यंत्राला पाव हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे १२ वॅट, तेही यंत्र फिरले तर. वारा दुप्पट झाला, ताशी २२ किलोमीटर, की शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. तेच यंत्र मग १०० वॅटच्या आसपास देते. म्हणून सगळा खेळ यंत्रापेक्षा जागेचा आहे.

वारा मोजण्याचे काम पुण्याला जुने आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९४८ साली अण्णा मणी नावाच्या शास्त्रज्ञ बाई तिथे रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत यासाठी झटल्या. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी देशभरच्या वाऱ्याच्या नोंदींवर काम केले. मुळे यांच्याबरोबर त्यांनी केलेला त्या आकड्यांचा ग्रंथ १९८३ साली निघाला. १९८६ साली कोकणच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटची यंत्रे उभी राहिली आणि नंतर साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांचे रान झाले. ती यंत्रे पठारावर आहेत, खाली गावठाणात नाहीत, हे जाता-येता पाहून ठेवा.

नांदे, चांदे, लवळे हा भाग सह्याद्रीच्या आडोशाला, टेकड्यांच्या कुशीत. इथे जोराचा वारा जून ते ऑगस्ट, पश्चिमेकडून. भाताची झोडणी झाल्यावर खळ्यावर काय होते ते आठवा. वाऱ्याची वाट पाहत बसावे लागते, कित्येकदा सुपाने वारा घालावा लागतो. ज्या महिन्यांत उफणणीला वारा पुरत नाही त्या महिन्यांत पवनचक्कीही उपाशी राहणार. उलट १०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास वीज देते, आणि त्यात फिरणारे काही नाही. ते अडते आषाढ-श्रावणात, आभाळ भरलेले असताना. नेमका तेव्हाच वारा असतो. म्हणून पवनचक्की करायचीच तर ती पॅनेलची जोडीदार म्हणून, एकाच बॅटरीवर. त्यावर गोठ्यातला एलईडी दिवा, मोबाइल, रानडुकरांसाठी कुंपणाचे झटका मशीन एवढे चालेल. विहिरीवरची मोटर चालणार नाही. तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीला सव्वादोन हजार वॅट लागतात. तसे कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला ती चालवून दाखवायला सांगा आणि मगच खिशात हात घाला. बॅटरीही चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा.

मनोरा घराच्या छपरावर नको. सारे घर थरथरते. शंभर मीटरच्या आत जे सर्वांत उंच झाड किंवा घर असेल त्याच्याहून पंखा निदान तीस फूट वर हवा. झाडाआडचा वारा घोटाळतो आणि यंत्र खिळखिळे करतो. मनोऱ्याला चारी बाजूंनी ताणाच्या तारा असाव्यात, आणि तो बुडाशी बिजागरीवर आडवा करता यावा, म्हणजे दरवर्षी वैशाखात खाली घेऊन बोल्ट, पाती, बेअरिंग तपासता येतील.

यंत्राला हात घालण्यापूर्वी मात्र एक वर्ष वही ठेवा. ज्या जागी मनोरा उभारायचा तिथे सकाळ, दुपार, संध्याकाळ उभे राहून लिहायचे. पाने नुसती सळसळतात, तो ताशी १० किलोमीटरच्या आतला वारा, लिहा 'दोन'. पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत राहतात, तो 'तीन'. धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात, तो २० ते २८ किलोमीटरचा, लिहा 'चार'. वर्षाअखेर 'चार' किती आले ते महिन्यावार मोजा. पावसाळ्यातही ते आठवड्यातून एक-दोनदाच येत असतील, तर त्या पैशांत आणखी एक सौर पॅनेल घ्यावे. जागा टेकडीच्या माथ्यावर असेल आणि जून ते ऑगस्ट बहुतेक दिवशी 'चार' भरत असतील, तर वही घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात या. पंख्याचा व्यास आणि बॅटरी किती घ्यायची ते त्या आकड्यांवरून बसून काढता येईल.